चाळीस किलो गवती चहा

नाना गेले त्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे वरणावरून वाद झाला.

वरणाला निलगिरीचा वास येत होता. आमच्या घरात कुकर दोन. एक माझा, स्वयंपाकाचा. दुसरा नानांचा, तेल काढायचा. नानांच्या कुकरवर शिट्टीच्या जागी तांब्याची नळी होती. ती गार पाण्याच्या बादलीत वेटोळी घेऊन खालून बाहेर पडे, आणि तिच्या तोंडाशी वाफेचं पाणी आणि त्यावर तरंगणारं सुगंधी तेल थेंबाथेंबाने गोळा होई. त्या सोमवारी आतली भांडी धुताना त्यांची अदलाबदल झाली, इतकाच प्रकार.

"नाना, हे वरण आहे का वाफारा?" मी विचारलं.

नानांनी एक घास खाल्ला, नीट विचार केला. "वरण म्हणून जरा कमी पडतंय," ते म्हणाले, "पण नाक मोकळं झालं."

जेवण झाल्यावर त्यांनी रोजच्यासारखी कागदाची पट्टी माझ्यासमोर धरली. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या ते कापून ठेवत. पट्टीवर तेलाचा थेंब, शेजारी पुठ्ठ्याचं कार्ड. नाना चौतीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात होते, आणि निवृत्त होताना तिथला एक नियम बरोबर घेऊन आले होते: ज्याने बनवलं त्याने पास करायचं नाही. म्हणून प्रत्येक लॉटच्या, म्हणजे एका वेळी काढलेल्या तेलाच्या, कार्डावर दोन ओळी. बनवणार: दिगंबर पोंक्षे. तपासणार: चैताली पोंक्षे. माझी नेमणूक मला न विचारता झाली होती. माझं नाक आईवर गेलंय, असं त्यांचं म्हणणं, आणि आई गेल्यापासून घरात तसं दुसरं नाक उरलं नव्हतं.

मी पट्टी हुंगली. "ठीक आहे."

"सही?"

"नाना, मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. तपासनीस नाही."

नानांनी पेन्सिलीने कार्डावर लिहिलं: 'तोंडी, ठीक आहे.' मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "आणि तुझ्या रुमालाचं काय? गुण आला?"

"बघू."

हा प्रश्न आणि हे उत्तर तीन वर्षं चाललं होतं. मला झोप येत नसे. मी ते कबूल करत नसे. मी जागी नसते, वाचत असते, असं माझं धोरण होतं. नानांनी एक दिवस काही न बोलता वाळ्याच्या तेलाचे दोन थेंब टाकलेला घडीचा रुमाल माझ्या उशीखाली ठेवला आणि पुढे दर चार दिवसांनी ते तो बदलत राहिले. आता अडचण अशी, की तोपर्यंत मी सगळ्या सोसायटीत 'नानांचं वासाचं खूळ' हा शब्दप्रयोग रूढ केलेला होता. एकदा एखाद्या गोष्टीला खूळ म्हटलं, की तिच्यामुळे बरं वाटणं फार अवघड होऊन बसतं.

"पुढचा लॉट तू लाव," नाना म्हणाले. "मांजरी गावच्या बजरंगला चार किलो गवती चहा सांगितलाय. पंधरा दिवसांनी, मंगळवारी घेऊन येईल. तू बनव, मी तपासतो. आणि मी सहीसुद्धा करतो, तुझ्यासारखं नाही."

"बघू," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला नाना फिरायला जाण्यासाठी बूट घालायला खुर्चीवर बसले, ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंही नसेल. ज्यांना कळलं त्यांच्याविषयी डॉक्टर काही म्हणाले नाहीत.

त्याविषयी मीही इथे लिहिणार नाही. मला सांगायचं आहे ते गवताविषयी.

पहिले तेरा दिवस लोक भेटायला येत होते. आमची सोसायटी जुनी, तीन मजली, अठरा घरांची. बहुतेक जण निवृत्त. अशा ठिकाणी सांत्वन करण्याची पद्धत ठरलेली असते, पण नानांच्या बाबतीत तिच्या शेवटी एक वाक्य जास्त येई. समोरच्या घरातल्या प्रेमलाकाकू माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बसल्या बसल्या गेले, भाग्यवान हो. कुणाला एक दिवस करायला लागलं नाही." मग हात न सोडता, "आता हे विचारू नये, पण गुडघ्याची बाटली भरून ठेवलेली आहे का एखादी?"

एका गृहस्थांनी दारातच चपला काढता काढता विचारलं, "सर्दीचं कोण बघतं आता?"

मला राग आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझे वडील गेलेत का एखादं दुकान बंद पडलंय, असा प्रश्न मला पडला होता. त्यातल्या त्यात बरं म्हणजे नानांनी या लोकांना कधी भलतंसलतं सांगितलेलं नव्हतं. मोडलेलं हाड वासाने जुळत नाही, त्याला डॉक्टर लागतो, हे त्यांचं पहिलं वाक्य असे. तेल पोटात घ्यायचं नाही, अंगाला नुसतं लावायचं नाही, एका चमचा तिळाच्या तेलात दोन थेंब, हे दुसरं. तिसरं असं, "पण हाड मोडल्यावर माणूस सगळ्यांवर चिडतो ना, त्याच्यावर मात्र माझ्याकडे काहीतरी आहे."

पंधराव्या दिवशी, मंगळवारी सकाळी साडेसातला, खाली टेम्पो थांबला.

बजरंगला फोन करून नाना गेल्याचं मीच कळवलं होतं. तो फोनवर नुसतं "बरं" म्हणाला होता. त्यामुळे आता काही येणार नाही, असं मी गृहीत धरलं. पन्नाशीचा, टोपी घातलेला बजरंग जिना चढून वर आला, नानांच्या फोटोला हात जोडले, आणि म्हणाला, "ताई, माल कुठं उतरू?"

"कसला माल?"

"गवती चहा. चाळीस किलो हाय."

"चार किलो सांगितला होता."

"हाय की ठावं. पर माणूस गेल्यावर चार किलो घिऊन दारात उभं ऱ्हायाचं? बरं दिसतंय व्हय ते? सगळा बांध कापला."

त्याला श्रद्धांजली म्हणतात हे मला समजत होतं. ती एवढी मोठी असते, हे समजत नव्हतं. मी त्याला विचारलं की नानांनी असं काय केलं होतं. बजरंग म्हणाला, "आमच्या गोठ्यात माश्यांनी निस्ता वैताग आणला व्हता. म्हशी धार काढू द्येत नव्हत्या. नाना आलं, ह्याच गवताचं त्याल पाण्यात कालवून शिंपाया सांगितलं. म्हशी शांत झाल्या, ताई. म्हशींचं बघून म्हातारी शांत झाली. आन् म्हातारी शांत झाली म्हंजे आमचं घरच शांत झालं." पैशांचं नाव काढल्यावर तो ज्या नजरेने माझ्याकडे बघायला लागला, त्यानंतर मी ते पुन्हा काढलं नाही.

चाळीस किलो गवती चहा म्हणजे काय, हे ज्यांनी तो पावशेराच्या जुडीत पाहिलाय त्यांना सांगून कळणार नाही. पहिली फेरी लिफ्टने आली. दुसरी येण्याआधी सोसायटीचे सेक्रेटरी गोपाळकृष्ण दाणी लिफ्टच्या दारात येऊन उभे राहिले. हे बँकेतून निवृत्त झालेले, विधुर, आणि बोलण्यापेक्षा लिहिण्यावर विश्वास असलेले गृहस्थ.

"चैतालीताई, लिफ्टमधून मालवाहतूक करू नये, असं आपण वाचलं असेलच. आपलं वाचन दांडगं आहे."

"हा माल नाही, दाणीकाका. हे गवत आहे."

"गवत हा माल नाही असं उपविधीत कुठे म्हटलेलं नाही."

उरलेलं सगळं बजरंगने जिन्याने, पाठीवरून वर आणलं. हॉल भरला, बाल्कनी भरली, नानांची खोली भरली. नानांच्या पलंगावर गवताचा भारा झोपल्यासारखा पडलेला बघून मी दार लोटून घेतलं. सगळ्या जिन्यात लिंबासारखा, थोडा आल्यासारखा, हिरवा, धारदार वास पसरला. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मी खोल श्वास घेतला. घेतला म्हणण्यापेक्षा तो घेतला गेला.

मग सल्लागार मंडळी जमली. प्रेमलाकाकू म्हणाल्या, "अगं, चहात घाल." मी मनात हिशेब केला: रोज चार कप, कपाला दोन पाती, माझ्या निवृत्तीनंतरही अकरा वर्षं पुरला असता. कुणी म्हणालं गोशाळेला द्या. कुणी म्हणालं सुकवून पिशव्या शिवा. तळमजल्यावरचे एक जण म्हणाले की त्यांच्या साडूंनी एकदा याचं सरबत केलं होतं; ते कसं लागलं, असं विचारल्यावर ते विषय बदलून साडूंबद्दल बोलायला लागले.

एवढ्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या कांताबाई आल्या. त्यांनी पदर खोचला, गवतातून वाट काढत स्वयंपाकघरात गेल्या आणि नानांचा कुकर काढून ओट्यावर ठेवला.

"दोन दिसांत काढाया लागंल," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या दिशी कुजतंय. कुजलं की त्येला सडल्या भाजीचा वास मारतो."

"मला येत नाही, कांताबाई."

"मला येतंय थोडं थोडं. तुमी वाचलेलं असंलच की कुठं."

हे मात्र खरं होतं. नानांचे मुद्दे खोडून काढण्यासाठी मी या विषयावर बरंच वाचलेलं होतं. गवती चहाचं शास्त्रीय नाव, त्यातल्या घटकांची टक्केवारी, वाफेचं तापमान, सगळं मला पाठ होतं. विरोधासाठी केलेला अभ्यास असा उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. मी कॉलेजात फोन करून दोन दिवसांची रजा टाकली. कारण विचारल्यावर 'घरगुती' म्हणाले. चाळीस किलोंना दुसरा शब्द सुचला नाही.

पहिला लॉट मी माझ्या ज्ञानाच्या बळावर लावला. कुकर गळ्यापर्यंत ठासून भरला, कारण जितकं गवत जास्त तितकं तेल जास्त, हे मला तर्काला धरून वाटलं. झाकण आणि नळीच्या सांध्याला कणकेचं लिंपण करायचं असतं. मी कणीक मळली, छान मऊ मळली. दहा मिनिटांत ती ओघळून शेगडीवर आली. तिच्या जागी दुसरी लावेपर्यंत गवताची पाती नळीच्या तोंडाशी जाऊन अडकली, आणि अठराव्या मिनिटाला झाकणावरचं सुरक्षेचं बूच उडून थेट छताला लागलं. त्याच्यामागोमाग जे वर गेलं, ते अजूनही आमच्या पंख्याच्या पात्यांवर आहे.

कांताबाईंनी माझ्या केसांतली दोन पाती काढली. "ही पोळीची कणीक झाली, ताई. नळीला पुरीची लागतीय. घट्ट."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तुमी लई विचारात दिसला म्हणून म्हटलं कशाला बोला."

आवाज ऐकून प्रेमलाकाकू आल्या, छताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नाना इतकी वर्षं कारखान्यात होते, पण असा स्फोट त्यांच्याकडून कधी झाला नाही."

तेव्हा मी नानांची कार्डांची पेटी उघडली. बुटांच्या खोक्यात दोनशे बारा कार्डं, क्रमाने लावलेली. प्रत्येकावर त्यांच्या सरळ, खालून आखल्यासारख्या अक्षरात सगळं होतं: कुकर तीन भाग भरावा, चौथा मोकळा. आंच मंद. बादलीतलं पाणी कोमट लागलं की बदलावं. घाई करू नये. गवती चहाच्या एका कार्डावर कंसात लिहिलं होतं, 'घाई केल्यास तेल रागावते.' आणि प्रत्येक कार्डाच्या तळाशी, दोनशे बारा वेळा: तोंडी, ठीक आहे. दोनशे अकराव्यावरही. ते मरव्याचं होतं आणि तो वास इतका सुंदर होता की मी दिवसभर ती पट्टी पुस्तकात ठेवली होती. कार्डावर मात्र 'ठीक आहे'.

मी पेटी बंद केली आणि घट्ट कणीक मळायला घेतली.

दुसरा लॉट लागला. नळीच्या तोंडाशी पहिला थेंब आला तेव्हा मी आणि कांताबाई दोघी ओट्याशी वाकून बघत होतो. पिवळसर, टपोरा, पाण्यावर तरंगणारा. कांताबाई म्हणाल्या, "आलं बगा." मला कितीतरी दिवसांत कशाबद्दल एवढा अभिमान वाटला नव्हता. तो तिसरा लॉट उतरेपर्यंत टिकला. मग गॅस संपला.

दुसरी टाकी नानांनी निलगिरीवर संपवलेली होती. फोनवरून नंबर लावायला गेले तर नोंदणी अडली. म्हणून मी एजन्सीत गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी पडद्यावर बघितलं.

"पोंक्षे दिगंबर. केवायसी बाकी आहे. ग्राहकाला घेऊन या, बोट लावायला."

"ते येऊ शकत नाहीत."

"ज्येष्ठ नागरिक आहेत का? मग यायची गरज नाही. मोबाइलवरून चेहरा दाखवला तरी चालतो."

"ते वारले."

गृहस्थांनी पहिल्यांदा मान वर केली. क्षणभर वाईट वाटल्यासारखं केलं. मग पुन्हा पडद्याकडे बघून म्हणाले, "मग नाव बदलायला लागेल. मृत्यूचा दाखला, तुमचा आधार, पत्त्याचा पुरावा, बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र."

"बाकी वारस नाहीत. मी एकटीच आहे."

"मग तसं प्रतिज्ञापत्र. शंभराच्या स्टँपवर."

"म्हणजे मी एकटी आहे, असं मी लिहून द्यायचं?"

"हो. आणि दोन साक्षीदार लागतील."

मी रस्त्यावर आले. मी एकटी आहे याला दोन साक्षीदार कुठून आणायचे, हा विचार करत मी तिथे थोडा वेळ उभी राहिले. माझ्या हाताला गवती चहाचा वास येत होता. मी हात नाकाशी धरला, लोकांना वाटलं असेल शिंक आवरते आहे. मग घरी आले.

घरी दारात दाणीकाका उभे होते. हातात कागद. माझी खात्री झाली की वासाबद्दल नोटीस आहे. त्या क्षणी मला नोटीस सहन होणार नव्हती, म्हणून मी आधीच म्हणाले, "दाणीकाका, गॅस संपलाय. त्यामुळे वास आपोआप थांबेल. बावीसेक किलो गवत कुजेल, त्याचा वास येईल, त्याबद्दल जी काय नोटीस असेल ती उद्या द्या."

"एकतीस किलो," दाणीकाका म्हणाले.

"काय?"

"तीन लॉट झाले. आपला कुकर तीन किलोंचा आहे. नऊ गेले चाळीसातून, एकतीस राहिले." त्यांनी कागद पुढे केला. "हे वेळापत्रक आहे. कुकर घेऊन कुणाच्या शेगडीवर कधी जायचं ते. मी सगळ्यांकडून सह्या घेतल्यात. एकाच्या टाकीवर दोनपेक्षा जास्त लॉटचा भार नको. बर्फ तळमजल्यावरून. कुकर आणि नळी लिफ्टने न्यायला हरकत नाही, ती मालात मोडत नाहीत."

मग पुढचे दीड दिवस नानांचा कुकर सोसायटीभर फिरला. पुढे बादली घेऊन मी, मागे कुकर घेऊन कांताबाई, आणि त्यांच्यामागे नळी हातात धरून ज्या घरचा लॉट झाला असेल ते गृहस्थ. प्रत्येक घरी आधी चहा, मग कणकेवरून चर्चा, मग तासभर गप्पा. कारण थेंब पडत असताना दुसरं काही करता येत नाही, आणि नानांच्या नियमाप्रमाणे घाई करायची नसते.

आणि प्रत्येक घरात एक बाटली होती. प्रेमलाकाकूंची देवघराशेजारी, उदबत्तीच्या घरात. मी विचारलं, खरंच फरक पडतो का. त्या म्हणाल्या, "गुडघा दुखतो तो दुखतोच. पण पूर्वी दुखायला लागला की मी यांच्यावर ओरडायचे. आता तेल चोळत बसते. ओरडणं कमी झालंय, विचार यांना."

आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला, "कमी झालंय. थांबलेलं नाही."

तळमजल्यावरच्या आजींच्या घरात पुदिन्याची बाटली. त्यांना गाडी लागते, म्हणून त्या नऊ वर्षं लेकीकडे नाशिकला गेल्या नव्हत्या. गेल्या मे महिन्यात रुमाल नाकाशी धरून गेल्या आणि नातवाची मुंज बघून आल्या. एका घरी दहावीच्या मुलीच्या टेबलावर लिंबाची. परीक्षेला जाताना हाताला लावते, पाठ केलेलं आठवतं, असं ती म्हणाली. वासामुळे आठवतं का आपल्याला काहीतरी लावलंय या धीरामुळे, हे मी विचारलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी विचारलं असतं, संदर्भासकट.

दाणीकाकांकडे शेवटचे दोन लॉट होते. त्यांचं स्वयंपाकघर इतकं स्वच्छ होतं की कुकर ठेवायला भीती वाटली. त्यांची बाटली उशाशी होती, त्यांच्या पत्नीच्या फोटोच्या बाजूला. लव्हेंडर, बोहरी आळीतून विकत आणून नानांनी त्यात आणखी काहीतरी मिसळलेलं.

"झोप लागते?" मी विचारलं.

दाणीकाकांनी नेहमीप्रमाणे वाक्य आधी मनात लिहिलं. "लागते असं मी म्हणणार नाही. पण नाही लागली, तरी रात्र बरी जाते. पूर्वी ती जात नसे, अंगावर येत असे."

"हे नानांना माहीत होतं?"

"म्हणजे काय. मी लेखी कळवलं होतं. लेटरहेडवर, जावक क्रमांक घालून. त्यांनी पोच दिली होती." त्यांनी शेगडी जरा बारीक केली. "इतकं चांगलं काम करणाऱ्या माणसाला आपण तोंडी काय सांगणार, हो? तोंडी राहून जातं."

मी नळीच्या तोंडाकडे बघत राहिले. बजरंगने सांगितलं होतं. प्रेमलाकाकूंनी, आजींनी, त्या दहावीतल्या मुलीने सांगितलं होतं. म्हशींनीसुद्धा आपल्या परीने कळवलं होतं. सगळ्या पंचक्रोशीत एकच उत्तर यायचं राहिलं होतं, आणि ते नानांच्या शेजारच्या खोलीतून यायचं होतं.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता चौदावा लॉट संपला. चाळीस किलोंचं तेल आमच्या हॉलमध्ये टेबलावर आलं. मी मनात निदान एखादी बरणी धरली होती. खोकल्याच्या औषधाची बाटली दीड भरली.

"एवढंसं?" प्रेमलाकाकू म्हणाल्या.

"काकू, एका वेळी दोनच थेंब लागतात."

"ते नाना म्हणायचे तेव्हा बरोबर वाटायचं."

वाटप करायचं, तर आधी कार्ड भरायला हवं, हा मुद्दा अर्थातच दाणीकाकांनी काढला. बनवणारी मी, मग तपासणार कोण? प्रेमलाकाकू ताबडतोब तयार झाल्या. तळमजल्यावरचे गृहस्थही तयार झाले, त्यांनी साडूंचाही अनुभव सांगितला. कोरं कार्ड घ्यायला मी पेटी उघडली, तेव्हा दोनशे बाराव्या कार्डामागे दोनशे तेरावं दिसलं. नानांनी ते आधीच, शाईने, भरून ठेवलं होतं.

लॉट २१३. गवती चहा, मांजरी. बनवणार: चैताली पोंक्षे. तपासणार: दिगंबर पोंक्षे.

माझ्या 'बघू'चा त्यांनी हा अर्थ घेतला होता. पट्टी चिकटवायला जागा सोडली होती. सहीची जागा रिकामी होती.

दाणीकाकांनी कार्ड हातात घेतलं, वाचलं, परत ठेवलं. "हे असंच राहू द्या," ते म्हणाले. "काही प्रकरणं प्रलंबित ठेवता येतात."

"आणि गुडघे?" प्रेमलाकाकूंनी विचारलं.

"त्यांना तात्पुरती मंजुरी."

बाटल्या भरल्या गेल्या, मंडळी गेली. बजरंगसाठी एक मोठी बाजूला ठेवली. कांताबाई भांडी घासायला स्वयंपाकघरात गेल्या. मी पेटी आवरायला घेतली आणि तेव्हा तळाशी, लॉटच्या कार्डांच्या खाली, एक वेगळं कार्ड सापडलं. त्यावर लॉट क्रमांक नव्हता. 'चैताली. वाळा, दोन थेंब, रुमाल.' खाली तारखा, तीन वर्षांपूर्वीच्या. 'दाराखालचा उजेड बंद: २.१०. उजेड बंद: १.५०.' मग रुमाल सुरू केल्याची तारीख, आणि पुढे: '१२.३०. ११.४५. १०.४०. १०.४०. १०.३५.'

उजेड दोनला बंद झाला हे लिहायचं, तर माणूस दोनपर्यंत जागा हवा. हे माझ्या लक्षात यायला तीन वर्षं लागली, आणि मला लोक फार वाचलेली समजतात.

तळाशी लिहिलं होतं, 'गुण:' आणि पुढे काही नाही. कंसात, पेन्सिलीने: 'ज्याचं दुखणं त्याने स्वतः सांगितल्याशिवाय भरू नये.' उजेड साडेदहाला बंद होतो, हे त्यांना हजार दिवस दिसत होतं. तरी त्यांनी ती ओळ भरली नव्हती. तपासणी विभागात चौतीस वर्षं काढलेला माणूस अंदाजाने पास करत नाही.

मी कॅलेंडरची एक पट्टी घेतली, तिच्यावर दोनशे तेराव्या लॉटचा एक थेंब टाकला, आणि ती नानांच्या खुर्चीच्या हातावर ठेवली. ज्या खुर्चीवर बसून ते बूट घालत. गवती चहाचा वास आधी टोचतो, मग दोन मिनिटांनी शांत होतो, आणि तोवर कुणी काही बोलायचं नाही, असा नानांचा दंडक होता. मी समोर बसले. दोन मिनिटं पूर्ण होऊ दिली. या वेळेला ते चष्म्यावरून बघत विचारायचे.

आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

"आला, नाना," मी मोठ्यांदा म्हणाले. "तीन वर्षं झाली. रोज येतोय."